दुसरी गोळी

एकत्र कुटुंबांत वडिलांच्या मागें वस्तूंची वांटणी करणें हें मोठें नाजूक काम असतें. भांडीकुंडीं, दागिने, पुस्तकें यांची व्यवस्था कशीबशी लागते. परंतु एखादी वस्तु अशी निघते कीं, ती कोणाच्या वांट्यास घालतां येत नाहीं आणि टाकूनही देववत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत नेरुळ येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं असाच प्रसंग आला. आणि त्या विषयाचें आमचें थोडेंफार वाचन असल्यामुळें त्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें. ती वस्तु म्हणजे त्यांच्या आजोबांची दुनळी रायफल.

हें कुटुंब मूळचें चांद्याचें. आतां नवी मुंबईंत शेजारशेजारच्या दोन सदनिकांमधील भिंतींत दार पाडून तीन पिढ्या एकत्र राहतात. आजोबा, ज्यांना सारें घर अण्णा म्हणत असे, चांद्यास वकिली करीत. त्यांच्या मागें रायफलीचा परवाना थोरल्या काकांच्या नांवें झाला. गेल्या वर्षीं काकाही वारले. परवानाधारकाच्या मागें त्याचें हत्यार घरांत ठेवून घेतां येत नाहीं; १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें तें विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. तसें तें झालेंही होतें. घरीं उरली होती ती रायफलीची रिकामी कातडी पेटी, नळी पुसण्याची काठी आणि अण्णांची एक टिपणवही. वारसानें आपल्या नांवें परवाना मागावा कीं रायफल विकून टाकावी, एवढाच प्रश्न होता. पण तेवढ्यावरून घरांत दोन पक्ष पडले होते. घरचे कर्ते म्हणत, "विकून मोकळें व्हावें." त्यांचा धाकटा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहे. तो म्हणे, "पणजोबांची एवढी एकच खूण उरली आहे, ती परक्याच्या हातीं कां द्यावी?" थोरल्या काकू मात्र कांहींच बोलत नव्हत्या.

मुलगा चौकस आहे. त्यानें आम्हांसच विचारलें, "आपण सांगा, वाघ मारावयास एवढी जड रायफल खरोखर लागत होती का? अगदीं लहान रायफलीनें हजार हत्ती मारणारा शिकारी होऊन गेल्याचें मीं वाचलें आहे. मग अण्णांनीं ही कां निवडली?"

प्रश्न मार्मिक होता. खिडकींतून पारसिकचा डोंगर पावसांत बुडालेला दिसत होता. खाडीपलीकडे बोरिवलीच्या रानांत आजही बिबटे आहेत, आणि त्याच परिसरांत विहार तलावाजवळ १९२९ सालीं वाघ मारल्याची नोंद आहे. ज्या प्रदेशांत आतां इमारतींची दाटी झाली आहे, तेथून वाघाचें राज्य जाऊन अद्याप शंभर वर्षेंही झालेलीं नाहींत. तेव्हां वाघासमोर कोणती बंदूक घेऊन उभें राहावें, हा प्रश्न आपल्या पणजोबांच्या पिढीस केवळ हौसेचा नव्हता.

आंकड्यांची भाषा

रायफलीच्या नांवांतील .२७५, .३७५, .४७० हे आंकडे नळीच्या पोटाचा व्यास इंचाच्या हजारांशांत सांगतात, आणि तोही ढोबळ मानानें. छऱ्याच्या बंदुकीची मोजणी निराळी. बारा बोअर म्हणजे त्या नळींत नेमकी बसेल अशी शिशाची वाटोळी गोळी ओतली असतां बारा गोळ्यांचें वजन एक पौंड भरतें. आठ बोअरची गोळी याच हिशेबानें दोन औंसांची होते. काळ्या दारूच्या काळीं हत्ती-गव्यांवर अशाच अवजड बंदुका चालत. दारू हलकी, म्हणून गोळी जड करावयाची, असा तो साधा हिशेब होता.

निर्धूर दारू आली आणि हा हिशेब बदलला. लंडनच्या रिग्बीनें १८९८ सालीं .४५० नायट्रो एक्सप्रेस हें काडतूस बाजारांत आणलें, आणि आठ बोअरचें काम पुष्कळ लहान तोंडाची रायफल करूं लागली. गोळीचें वजन ग्रेनांत मोजतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. .२७५ रिग्बीची गोळी सुमारें १४० ग्रेनांची, वेग सेकंदास सुमारें २,७०० फूट, आणि तिचा जोर सव्वादोन हजार फूट-पौंडांच्या आसपास. १९१२ सालीं निघालेल्या .३७५ हॉलंड मॅग्नमची गोळी ३०० ग्रेनांची, वेग २,५०० फूट, जोर चार हजारांवर. .४७०ची गोळी ५०० ग्रेनांची, वेग २,१५० फूट, जोर पांच हजार शंभरांच्या घरांत. अण्णांची रायफल .४५०/४०० होती, म्हणजे .४५०चें काडतूस तोंडाशीं आवळून त्यांत .४००ची गोळी बसविलेली. तिची गोळी ४०० ग्रेनांची, वेग सुमारें २,१०० फूट, आणि जोर चार हजारांना किंचित् कमी.

अभियंता होणाऱ्या मुलानें लागलीच हिशेब केला. वेगाचा वर्ग होतो, म्हणून हलकी पण वेगवान गोळीही पुष्कळ जोर आणते; मग जड गोळीचा आग्रह कशाला? हिशेब बरोबर आहे, पण जनावर कांहीं कागदावर उभें नसतें. हजार किलोंच्या घरांत जाणाऱ्या गव्याच्या खांद्याचें हाड फोडून गोळीस काळजापर्यंत पोंचावयाचें असतें. हलकी, मऊ टोकाची गोळी वेगानें आदळली कीं कातड्याखालीं फुटून तिचे तुकडे होतात. जखम भयंकर दिसते, पण वरवरची राहते. म्हणून अनुभवी शिकारी वाघ-बिबट्यासाठीं मऊ टोकाची गोळी घेत, कारण तेथें हाड बारीक असून गोळी आंत फुलणें इष्ट असतें. आणि गवा, हत्ती यांच्यासाठीं पूर्ण धातूचें आवरण असलेली, न फुटतां सरळ आरपार जाणारी गोळी घेत. काडतूस निवडणें म्हणजे केवळ आंकडा निवडणें नव्हे. कोणत्या जनावराच्या कोणत्या अवयवापर्यंत पोंचावयाचें, हें आधीं ठरविणें होय.

ज्या शिकाऱ्याविषयीं मुलानें वाचलें होतें, तो स्कॉटलंडचा डब्ल्यू. डी. एम्. बेल. त्यानें आफ्रिकेंत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांपैकीं पुष्कळ .२७५ सारख्या लहान रायफलीनें मारले, हें खरें आहे. पण बेलनें हत्तीच्या कवटीची रचना बारकाईनें अभ्यासिली होती. मेंदू कोठें आहे आणि कोणत्या बाजूनें किती आंत आहे, हें त्यास पाठ होतें. तो लांबट, पूर्ण आवरणाची गोळी वापरी आणि तिचें टोंक नेमकें तेथेंच पोंचवी. बेलची रायफल कोणासही विकत घेतां येईल. बेलचा हात आणि डोळा विकत मिळत नाहीं.

हिंदुस्थानांतील एक बंदी

या शास्त्रांत आपल्या देशाचा एक मोठा भाग आहे, तो फारसा कोणास ठाऊक नसतो. १९०७च्या सुमारास सरकारनें हिंदुस्थानांत .४५०च्या रायफली व काडतुसें आणण्यास बंदी केली. बंडखोरांच्या हातीं जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, त्यांचें तोंडही.४५०च, तेव्हां शिकारीचा माल त्यांच्या उपयोगीं पडेल, अशी सरकारास धास्ती वाटली. हिंदुस्थान म्हणजे मोठ्या रायफलींची मोठी बाजारपेठ. ती बंद होतांच विलायतेंतील कारखानदारांनीं नळीचें तोंड थोडें बदलून .४६५, .४७०, .४७५ अशीं नवीं काडतुसें चालू केलीं. आज आफ्रिकेंत ज्या .४७०चें नांव आदरानें घेतात, तिच्या जन्माच्या मुळाशीं येथल्या राज्यकर्त्यांची भीति आहे.

सैन्याच्या .३०३ रायफलीवरही असाच निर्बंध होता आणि तो स्वातंत्र्यानंतरही राहिला. त्यामुळें परवाना घेणाऱ्या सामान्य माणसासाठीं ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें .३१५ची रायफल केली, आणि तिचीं काडतुसें आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत होऊं लागलीं. हरिण-रानडुकरास ती पुरेशी; पण अंगावर येणाऱ्या गव्यासमोर तिच्या भरंवशावर उभें राहणें शहाणपणाचें नव्हतें.

आपल्या हवेचाही विचार करावा लागे. कॉर्डाइट नांवाची ती निर्धूर दारू उन्हानें तापली कीं तिचा दाब वाढतो. वैशाखांत काडतूस नळींत घट्ट बसून राहिलें आणि बाहेर निघेना, तर मोकळ्या हातानें वाघासमोर उभें राहण्याची पाळी यावयाची. म्हणून मोठ्या रायफलींचीं काडतुसें मुद्दाम लांब व ऐसपैस केलेलीं असत. आंत जागा अधिक, म्हणून दाब कमी.

दोन नळ्या कीं एक?

मोठ्या शिकारीच्या रायफली मुख्यतः दोन जातींच्या. एक नळीची, मागें खटका सरकवून नवें काडतूस आंत घेणारी. ही स्वस्त, नेमकी, आणि पोटांत तीन-चार काडतुसें बाळगणारी. दुसरी दुनळी, दोन नळ्या, दोन चाप, जणूं एकाच दस्त्यावर बसविलेल्या दोन स्वतंत्र बंदुका. ही फार महाग, आणि तिच्यांत काडतुसें दोनच. तरीही दाट रानांत जाणारे दुनळीच मागत. खटक्याच्या रायफलीनें दुसरी गोळी सोडण्यास हात उचलून खटका मागें-पुढें करावा लागतो. दुनळींत बोट एका चापावरून दुसऱ्यावर नेलें कीं झालें. एक नळी बिघडली तरी दुसरी शाबूत राहते. दहा पावलांवरून वाघ निघाला तर चार गोळ्यांचा उपयोग नसतो. दुसरी गोळी मात्र लागते, आणि ती त्याच क्षणीं लागते.

या दुसऱ्या गोळीचें महत्त्व जिम कॉर्बेट यांच्या चरित्रांत उत्तम दिसतें. १९०७ सालीं ते चंपावतच्या वाघिणीमागें गेले. तिनें नेपाळांत व कुमाऊंत मिळून ४३६ माणसें मारल्याचें सांगतात. कॉर्बेट यांनीं बरोबर तीनच काडतुसें घेतलीं होतीं. फार तर दोन गोळ्या झाडण्याची संधि मिळेल आणि तिसरी अडीअडचणीस राहील, असा त्यांचा अंदाज होता. तिन्ही संपलीं आणि जखमी वाघीण समोरच होती. शेवटीं धांवत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक मागून आणावी लागली. त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं त्यांस .२७५ रिग्बी रायफल भेट दिली, आणि ती जगप्रसिद्ध झाली. परंतु दाट झाडींत जवळून गांठ पडण्याचा संभव असे तेव्हां कॉर्बेट .४५०/४०० दुनळी हातीं घेत. अण्णांची निवडही हीच होती.

अण्णांची वही

येथवर आमचें बोलणें ऐकल्यावर थोरल्या काकू उठल्या आणि आंतून ती टिपणवही घेऊन आल्या. "एवढें सांगितलेंत, तर आतां हेंही मोठ्यानें वाचा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरांत हें कोणी वाचलेलें नाहीं. सासूबाईंनीं मला एकदां सांगितलें, तेवढेंच."

वही मोडींत नव्हती, स्वच्छ बाळबोधींत होती. १९३६च्या माघांत चांद्याच्या दक्षिणेकडील एका गांवचे लोक अण्णांकडे आले. एका वाघानें पंधरवड्यांत चार बैल नेले होते. अण्णांपाशीं तेव्हां बारा बोअरची दुनळी बंदूक होती आणि एल्. जी. छऱ्यांचीं काडतुसें होतीं. एका काडतुसांत मोजके जाड छरे. डुकरावर तीं चालत, म्हणून वाघावरही चालतील, असें त्यांस वाटलें. मचाणावरून पंचवीस पावलांवर त्यांनीं चाप ओढला. वाघ गुरगुरला आणि बांबूच्या बेटांत शिरला. सकाळीं रक्त सांपडलें.

जखमी जनावरास तसेंच सोडून येऊं नये, हा शिकारीचा पहिला धर्म. तो अण्णांस ठाऊक होता. ते चौघांसह आंत गेले. माग काढणारा गोंड गृहस्थ पुढें आणि बंदूकवाले अण्णा मागें, अशी रांग होती. हीच आपली चूक, असें त्यांनीं वहींत लिहिलें आहे. वाघ बाजूनें आला. अण्णांनीं दुसरी नळी झाडली. छरे खांद्यांत गेले, पण वाघ थांबला नाहीं. पुढच्या माणसास त्यानें खालीं पाडलें, आणि तीस पावलें जाऊन तो मरून पडला. आदल्या संध्याकाळची जखम त्यास पुरेशी होती; फक्त ती लवकर पुरी पडली नाहीं. त्या काळीं पेनिसिलिन नव्हतें. वाघाच्या नखांची जखम चिघळली आणि तो गृहस्थ चौथ्या दिवशीं गेला.

यानंतर वहींत दोन वर्षें शिकारीचा शब्द नाहीं; आहे तो हिशेब. दरमहा पांच रुपये, पुढें सात, त्या विधवेच्या नांवें. १९३८ सालीं रायफलीची खरेदी नोंदली आहे, आणि शेजारीं निवडीचीं कारणें वकिली थाटानें एकाखालीं एक मांडलेलीं आहेत. .३७५ उत्तम, पण खटक्याची. दुसऱ्या गोळीस उशीर होतो. .४७० अधिक जोरदार; पण आपण अंगानें किरकोळ, तिचा धक्का सोसून दुसरा नेम वेळेवर धरतां येणार नाहीं. .४५०/४०० वजनानें दहा पौंडांच्या आंत, धक्का झेपण्याजोगा, आणि वाघ व गवा दोघांसही पुरेशी. जी रायफल हातांत आवरत नाहीं ती कितीही मोठी असली तरी लहानच, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पुढील पानें वाचतांना आमचा आवाज आपोआप हळू झाला. ही रायफल घेऊन अण्णा कधीं मचाणावर बसलेच नाहींत. दुसऱ्या कोणी जखमी करून सोडलेलें जनावर रानांत असलें कीं गांवकरी किंवा जंगल खात्याचे लोक त्यांना बोलावीत, आणि ते जात. अशा नऊ नोंदी आहेत. त्यांपैकीं चार वेळां गोळी झाडावी लागली. बाकीच्या पांच वेळां जनावर आधींच मेलेलें सांपडलें. प्रत्येक नोंदीत शेवटीं एकच वाक्य आहे: बरोबरचीं माणसें सुखरूप, आपण पुढें होतों.

काकू म्हणाल्या, "रानांतून आल्यावर मामंजींना मागल्या दारानें येऊन स्नान केल्याशिवाय घरांत पाऊल टाकतां येत नसे. सासूबाईंच्या सासूबाईंचा तसा नेमच होता. ब्राह्मणाच्या घरांत हें काय, म्हणून त्या फार बोलत. मामंजी कधीं उलट बोलले नाहींत. ते म्हणत, पाप एकदां झालें. आतां फेडतों आहें."

आजचा प्रश्न

आतां तो काळ गेला. १९७० सालीं देशांत वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला, १९७३ सालीं व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि आपलें मेळघाट त्याच्या पहिल्या नऊ रानांत होतें. ज्या कोल्हापूर संस्थानच्या राखीव रानांत गव्यांची शिकार होई, तें दाजीपूर १९५८ सालींच गव्यांचें अभयारण्य झालें होतें. हें सारें योग्यच झालें. आज हौसेची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे.

परंतु अण्णांचा प्रश्न संपलेला नाहीं. माणसाच्या जिवावर उठलेलें जनावर पकडतां येत नसेल, बेशुद्ध करतां येत नसेल, दुसरीकडे हलवितां येत नसेल, तरच त्यास मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांस देतां येते. २ नोव्हेंबर २०१८ रोजीं रात्रीं यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस टी-१ ही वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, गोळीनें मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंशीं तिचा संबंध जोडलेला होता; मागें तिचे दोन बछडे राहिले. तिला आधीं बेशुद्ध करण्याचा पुरेसा यत्न झाला कीं नाहीं, यावर देशभर वाद झाला. त्या वादाचा निवाडा आम्हांस येथें करावयाचा नाहीं. एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, औषधाची सुई लागल्यावरही जनावर खालीं बसण्यास कांहीं मिनिटें जातात, आणि तेवढ्या मिनिटांत जवळ उभ्या असलेल्या वनरक्षकाचा जीव टांगणीला लागलेला असतो. हत्यार बदललें, पण पहिला वार पुरा पडला नाहीं तर पुढें काय, आणि तेव्हां पुढें कोण उभें असेल, हे दोन प्रश्न तसेच आहेत. हत्यार निवडणाऱ्यानें त्यांचें उत्तर आधीं दिलें पाहिजे.

वाचन संपलें तेव्हां दिवेलागण झाली होती. मुलगा बराच वेळ रिकाम्या पेटीकडे पाहत होता. मग तो म्हणाला, "काकूआजी, परवाना माझ्या नांवें मिळाला तरी ही रायफल कपाटांत ठेवून मी काय करणार? अण्णांनीं ती ज्या कामासाठीं घेतली, तें काम मला येत नाहीं." आम्हीं त्यास आणखी एक गोष्ट सांगितली: त्या काळचीं काडतुसें आतां भरंवशाचीं नसतात, तीं कोणीही नळींत घालूं नयेत, विकतांना तीं निराळीं काढून पोलिसांकडे सोंपवावीं.

कर्त्यांनीं विचारलें, "मग पैशांचें काय करावें? चांगल्या विलायती दुनळीला आजही किंमत येते."

काकूंचें उत्तर तयार होतें. "त्या बाई गेल्या तोंवर दरमहा मनीऑर्डर जात होती. मामंजींच्या मागें हे पाठवीत, आणि फॉर्म मी लिहीत असें. त्या घरचा पणतू यंदा चंद्रपुरास कॉलेजांत गेला, असें दिवाळीच्या पत्रांत आलें आहे. ते पैसे त्यांचे. आपण फक्त ठेवून घेतले होते."

यावर कोणीही दुसरा शब्द काढला नाहीं. रायफल रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे गेली, आणि पैसे काकूंच्या सांगण्याप्रमाणें पोंचते झाले. वही मात्र मुलानें आपल्या टेबलावर ठेवून घेतली. परवां त्याच्याकडे गेलों तेव्हां नऊ नोंदींचीं तीं पानें तो नव्या वहींत सुवाच्य अक्षरांत उतरवून काढीत होता. पणजोबांची खूण घरांतच राहिली आहे, आणि ती जपावयास परवाना लागत नाहीं.